तारेवरची तारीख

मामांचा फोन सकाळी साडेसहाला आला. इतक्या लवकर आजोळहून फोन आला की आमच्याकडं आधी आई खाली बसते आणि मग मी फोन उचलतो. पण मामा धडधाकट होते. उलट खुशीत होते.

"कोर्टाचा मेसेज आलाय मोबाईलवर. रातच्यालाच आलता. म्हणलं, झोपू द्यावं तुला."

"काय लिहिलंय?"

"इंग्रजीत हाय. निकाल लागला वाटतं."

नातवाकरवी त्यांनी मेसेजचा फोटो धाडला. वाचला. निकाल नव्हता, पुढची तारीख होती.

"मामा, एकवीस तारीख दिलीय."

"ती ठाऊक हाय की. वकीलसाबाच्या कारकुनानं परवाच सांगितली." मग जरा थांबून, दुखावल्या आवाजात, "मग कोर्टानं मेसेज कशाला करावा रे?"

या प्रश्नाचं उत्तर मला आजवर देता आलेलं नाही. न्यायालयांच्या आधुनिकीकरणावर मी जे काही वाचलं, ते या एका फोनमुळं.

मामांचा दावा धुऱ्याचा आहे. पुण्याकडं ज्याला बांध म्हणतात, तो आमचा धुरा. शेजारचे पाव्हणे दर पेरणीला एकेक काकर इकडं सरकले, असं मामांचं म्हणणं. मामांनी धुरा कोरून आपल्यात घेतला, असं पाव्हण्यांचं. गाव लातूर जिल्ह्यातलं. तालुका सांगत नाही, कारण प्रकरण न्यायप्रविष्ट आहे आणि मला अजून आजोळी जेवायला जायचं असतं. दावा पडला २०११ साली. तेव्हा मामांचा नातू दुसरीत होता. आता तो एमबीबीएसच्या दुसऱ्या वर्षाला आहे. दाव्यात जमिनीची चतुःसीमा लिहिलीय आणि तिच्यात 'पूर्वेस बाभूळ' असं आहे. ती बाभूळ मधल्या एका वादळात पडली. तिचं सरपण दोन्ही घरांनी अर्धं अर्धं वाटून घेतलं आणि त्यावर दोन लग्नांचा स्वयंपाक झाला. कागदावर मात्र ती अजून हिरवीगार आहे. संगणकीकरण आलं तेव्हा इतर कागदांबरोबर बाभळीचंही स्कॅनिंग झालं.

हे संगणकीकरण काही आजचं नव्हे. ई-कोर्टाचा प्रकल्प २००७ साली सुरू झाला, म्हणजे मामांच्या दाव्याहून तो चार वर्षांनी मोठा. आता त्याचा तिसरा टप्पा चालू आहे. २०२३ साली केंद्रानं त्याला ७,२१० कोटी रुपये मंजूर केले. मी हा आकडा मामांना सांगितला. त्यांनी मनात काहीतरी हिशेब केला आणि म्हणाले, "एवढ्यात लातूर-नांदेडचे समदे धुरे इकत घेऊन पाव्हण्याला देऊन टाकता आले असते. मिटलं असतं."

तर या प्रकल्पात प्रत्येक खटल्याला एक सीएनआर नंबर मिळतो. इंग्रजी अक्षरं आणि आकडे मिळून सोळा. आधारचे बारा, मोबाईलचे दहा, त्यात ही भर. मामांनी तो कोळशानं कणगीमागच्या भिंतीवर लिहून ठेवला आहे. दिवाळीला मामींनी भिंत सारवली तेव्हा तेवढा तुकडा सोडून सारवली. मोबाईलच्या ॲपमध्ये हा नंबर टाकला की दावा कुणाचा, कुणावर, कोणत्या कोर्टात, कोणत्या टप्प्यावर, मागं कितीदा काय झालं, सगळं दिसतं. मी पहिल्यांदा उघडून दाखवलं तेव्हा मामांनी चष्मा लावून आपलं नाव वाचलं, पाव्हण्यांचं नाव वाचलं, आणि मग एक एक करून खाली सरकणाऱ्या तारखा बघत राहिले. यादी संपेना. शेवटी म्हणाले, "हे समदं माझ्याकडं हायच की." आणि उठून तार घेऊन आले.

ही तार म्हणजे दुकानदार बिलं टोचून ठेवतात तसली, खाली लाकडी ठोकळा असलेली. तिच्यावर २०११ पासूनची एसटीची तिकिटं आहेत. पेशीला जाताना एक, येताना एक. देशातल्या जिल्हा-तालुका न्यायालयांत साडेचार कोटींच्या वर प्रकरणं पडून आहेत, हे सांगणारी एक मोठी राष्ट्रीय न्यायिक माहिती ग्रिड आहे. मामांची माहिती ग्रिड ही तार. दोन्हींत फरक एवढाच की ग्रिड रोज अद्ययावत होते आणि तार फक्त मामा कोर्टात गेले तर.

दिवाणी प्रक्रिया संहितेत २००२ पासून एक तरतूद आहे, की सुनावणी चालू असताना एका पक्षकाराला तीनाहून जास्त वेळा तहकुबी देऊ नये. ही तरतूद वाचून मी तार पुन्हा बघितली. मग संहिता मिटली.

त्या तारेवर वरच्या भागातली तिकिटं वेगळी आहेत. त्यांच्यावर रक्कम शून्य. राज्यानं ऑगस्ट २०२२ मध्ये पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एसटी फुकट केली आणि पाठोपाठ मार्च २०२३ मध्ये बायकांना अर्धं तिकीट. त्या दिवसापासून मामांचा न्यायावरचा खर्च निम्म्यावर आला आणि मामीही पेशीला यायला लागल्या. मराठवाड्यातल्या गरिबाला न्याय परवडावा म्हणून आजवर पुष्कळ समित्या झाल्या असतील. माझ्या मते मात्र गेल्या दहा वर्षांतली सर्वांत मोठी न्यायिक सुधारणा एसटी महामंडळानं केली आणि ते बिचाऱ्याला माहीतही नाही.

आमच्याकडं जुनी माणसं 'तारीख' म्हणत नाहीत, 'पेशी' म्हणतात. नांदेड-लातूर सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात. दरबार उर्दू, कोर्ट उर्दू, शेताचे कागद उर्दू. निजामाला आपण पुष्कळ नावं ठेवतो आणि ती ठेवावीतच, पण न्यायखातं महसुलाच्या हाताखालून काढून वेगळं करण्याचं काम त्यानं १९२१च्या सुमारालाच केलं होतं, मुंबई इलाख्याच्या कितीतरी आधी. निजाम गेला, कोर्टात इंग्रजी आली. मग २१ जुलै १९९८ला अधिसूचना निघाली आणि खालच्या न्यायालयांची भाषा मराठी झाली. पण वकील, तारीख, पेशी, नक्कल, दरखास्त, जप्ती, मुद्देमाल, रोजनामा हे जागचे हलले नाहीत. बारा वर्षांहून जास्त काळ उघडपणे, अखंड आणि मालकाच्या नाकावर टिच्चून वहिवाट केली की जमीन आपली होते, असा कायदा आहे. या शब्दांनी त्याच कायद्यानं मराठीत घर केलंय. त्यांना आता कोण उठवतो?

ते उर्दू कागद मात्र सूड उगवतात. २०२३ साली कुणबी नोंदी शोधायला न्यायमूर्ती शिंदे समिती मराठवाड्यात फिरली तेव्हा जुनी उर्दू आणि मोडी वाचणाऱ्यांना एकदम नवरदेवाचा भाव आला होता. मामांच्या दाव्यातही आजोबांच्या वेळचा एक उर्दू कागद आहे. तो वाचून दाखवणाऱ्या मौलवीसाहेबांनी प्रामाणिकपणे सांगितलं, की धुरा कुठून कुठवर हे ज्या ओळीत लिहिलंय, नेमकी तीच ओळ वाळवीनं खाल्ली आहे. आता त्या कागदाचं स्कॅनिंग झालंय. वाळवीची भोकं इतकी स्वच्छ मी कधी पाहिली नव्हती.

यंत्रानं भाषांतर करायचाही बेत चालू आहे. सर्वोच्च न्यायालयाचे निकाल देशी भाषांत यावेत म्हणून संगणकाला कामाला लावलंय. चांगलंच आहे. पण सुरुवातीला त्या यंत्रानं 'लीव्ह ग्रँटेड' या शब्दांचं भाषांतर 'सुट्टी मंजूर' असं केलं होतं, हा किस्सा दिल्लीच्या न्यायमूर्तींनीच जाहीरपणे सांगितलाय. तिथं अर्थ होता अपील करायला परवानगी. मी हे मामांना हसत हसत सांगितलं. मामा हसले नाहीत.

"बरोबरच लिहिलंय की मशीननं," ते म्हणाले.

नव्या कायद्यांनी तर गंमतच केली. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहिता जाऊन भारतीय न्याय संहिता आली आणि ४२०चं कलम ३१८ झालं. लातूरच्या गंजगोलाईत मी मुद्दाम कान देऊन उभा राहिलो. भावात फसवणाऱ्याला अजून चारशेवीसच म्हणतात. "लई तीनशेअठरा माणूस हाय ते" असं म्हणून बघा, तोंडाला चवच येत नाही.

समन्सचंही तसंच. आमच्या लहानपणी गावात बेलीफ आला की दारं पटापट लागायची. ज्याच्या नावाचं समन्स, तो मागच्या दारानं तुरीत. मग बेलीफ पंच बोलावून कागद दाराला डकवायचा. डकवला की बजावला, घरात कुणी असो नसो. तुरीत बसलेल्याला संध्याकाळी आपलंच दार वाचावं लागायचं. आता समन्स मोबाईलवर पाठवता येतं. मुंबई उच्च न्यायालयानं २०१८ सालीच एका प्रकरणात व्हॉट्सॲपवर नोटीस पोचली, उघडून पाहिल्याची खूणही दिसते, म्हणून ती बजावली असं धरलं होतं. बातमी आली त्याच आठवड्यात आमच्या ओळखीच्या एका गुत्तेदारानं मोबाईलमधली निळी खूण बंद करून घेतली. माणसाची तुरीत पळायची सवय जात नाही, फक्त तूर बदलते. आणि तरी दिवाणी संहितेच्या २१व्या आदेशात जप्तीची दवंडी ढोल वाजवून द्यावी, हा नियम अजून आहे. एका बाजूला सात हजार कोटींचा संगणक, दुसऱ्या बाजूला ढोल. खरं सांगू का, ढोल मला जास्त भरवशाचा वाटतो. त्याला नेटवर्क लागत नाही आणि ऐकला नाही असं म्हणता येत नाही.

कोर्टाला मॅनेजर मिळाले, हेही मामांना मीच सांगितलं. तेराव्या वित्त आयोगानं २०१० ते २०१५ या काळासाठी न्यायखात्याला ५,००० कोटी दिले, त्यातले ३०० कोटी या मॅनेजरांसाठी. कल्पना अशी की एमबीए झालेला माणूस इमारत, नोकरवर्ग, कागद, खुर्च्या बघेल आणि न्यायाधीश न्याय बघतील. वाईट नाही. इतकी वर्षं न्यायाधीशानंच गळकं छत आणि खतावणी दोन्ही बघायची, हेच चूक होतं. पण मामांनी 'मॅनेजर' हा शब्द साखर कारखान्यात ऐकलेला.

"मग त्यायलाच भेटावं का एकदा? टोळी लवकर देतेत तसं पेशी लवकर देतील."

लातूरचा माणूस शिक्षणात पॅटर्न काढतो. सराव परीक्षा, चुका, पुन्हा परीक्षा, पुन्हा चुका, आणि तिसऱ्या वर्षी पोरगं डॉक्टर. मामांच्या नातवाला दुसऱ्या प्रयत्नात लागलं. मामांच्या दाव्यात तेव्हा वादमुद्दे काढून झाले होते, म्हणजे भांडण नेमकं कशाचं आहे हे लिहून झालं होतं. कोर्टाला लातूर पॅटर्न लावावा असं मी आमच्या नांदेडच्या कट्ट्यावर म्हणालो, तर सगळे अंगावर आले. नांदेडला लातूरचं काहीही सुचवायची सोय नाही. कारण जुनं आहे. २००९ साली सरकारनं नवं महसूल आयुक्तालय नांदेडला द्यायचं ठरवलं आणि लातूर पेटलं. मोर्चे झाले, बंद झाले, काळे कोट रस्त्यावर आले. ते आयुक्तालय नांदेडलाही आलं नाही आणि लातूरलाही गेलं नाही. दोघंही आजतागायत कागद घेऊन छत्रपती संभाजीनगरची गाडी धरतात. मामा आणि पाव्हणे यांचंच हे थोरलं रूप. फक्त आयुक्तालयाला मधे बाभूळ नव्हती.

जवळचा न्याय मिळवण्यातही भांडण लागतंच. मराठवाड्याच्या माणसाला अपिलासाठी मुंबईला जावं लागू नये म्हणून २७ ऑगस्ट १९८१ला औरंगाबादला खंडपीठ बसलं. बसलं न बसलं तोच 'हे खंडपीठ कायदेशीर आहे का' असा खटला उभा राहिला. मुंबईत खंडपीठ हरलं. दिल्लीत १९८२ साली जिंकलं. कायम झालं १९८४ला, बरोबर २७ ऑगस्टलाच. म्हणजे मराठवाड्यात न्याय मागायला आलेल्यांच्या रांगेत स्वतः न्यायालयसुद्धा उभं राहिलेलं आहे. कोल्हापूरकरांना त्यांचं सर्किट बेंच मिळायला २०२५चा ऑगस्ट उजाडला, तेव्हा आपण नशीबवान म्हणायचं.

एकवीस तारखेला मी रजा काढून मामांबरोबर गेलो.

बसमध्ये मामा आणि पाव्हणे एकाच बाकावर बसले. वाटेत पाव्हण्यांनी हरभऱ्याची भाजी आणि भाकरी काढली, मामींनी ठेचा काढला. मी चौदा वर्षांच्या वैऱ्याच्या हातची भाकरी खाल्ली, चांगली होती. मागं एकदा लोकअदालतीत यांचं मिटतही आलं होतं. लोकअदालतीचं बरं असतं, मिटलं की कोर्ट फी परत मिळते आणि वर अपील नाही. धुऱ्यावर एकमत झालं, मोजणीच्या खर्चावर झालं, सही करायला पेन उचललं आणि पाव्हणे सहज म्हणाले, "बाभळीचं एक ओंडकं तुमच्याकडं जास्त गेलं होतं तेव्हा." पेन खाली ठेवलं गेलं.

कोर्टाच्या आवारात ई-सेवा केंद्राची खिडकी आहे. बाहेर मराठी टायपिंगवाले पूर्वी ओळीनं बसत. आता एकच उरलाय. त्याच्या टाइपरायटरवर चहाचा ट्रे असतो आणि मागं संगणक. वकीलसाहेबांचा कारकून एका अर्जाची सहावी प्रत काढत होता. अर्ज ऑनलाइन भरला होता. "मग ह्या प्रती?" मी विचारलं. त्यानं माझ्याकडं शहरातल्या माणसाकडं बघतात तसं बघितलं. "तो भरल्याच्या ह्या."

साडेदहाला गर्दी झाली. अकराला पट्टेवाला येऊन सांगून गेला, साहेब रजेवर.

कुणी काही बोललं नाही. लोकांनी पिशव्या उचलल्या. माझ्या शेजारी एक बाई होती, कडेवर पोर, पोटगीच्या दाव्याला आलेली. कापूस वेचणीचे दिवस होते. वेचणी किलोवर असते, न वेचलेल्याचे पैसे नसतात. पहाटे पाचला उठून दोन बस बदलून ती आली होती. माझ्या हातात मोबाईल बघून म्हणाली, "दादा, तुमच्या त्याच्यात दिसतंय का ओ, पुढच्या टायमाला तरी साहेब येणार हायत का?"

मी तिच्या कागदावरचा नंबर ॲपमध्ये टाकला. तिचं नाव आलं, नवऱ्याचं आलं, कायदा आला, कलम आलं, मागच्या तारखांची यादी आली. सगळं होतं. पुढच्या महिन्यात कुणाला ताप येईल हे कुठलं ॲप सांगणार, आणि साहेबांनाही रजा लागतेच, तीही माणसं. पण आजची रजा काही अकरा वाजता उगवली नसणार. तिची पहिली बस सुटायच्या आधी, पहाटे पाचला, मराठीत चार शब्द तिच्या फोनवर आले असते तर तेवढ्यानं दहा किलो कापसाची मजुरी घरात आली असती. साडेचार कोटींच्या ढिगापुढं दहा किलो कापूस म्हणजे काहीच नाही. मी तिला म्हणालो, "नाही दिसत, ताई." तिनं पोराला दुसऱ्या कडेवर घेतलं आणि गेली.

मामा कारकुनापाशी उभे होते. त्यानं वहीत बघून सांगितलं, "अठरा." मामांनी पाव्हण्यांना सांगितलं, "अठरा." पाव्हण्यांनी मामींना सांगितलं. तेवढ्यात मामांच्या खिशात मोबाईल वाजला. त्यांनी तो माझ्या हातात दिला.

"अठरा," मी वाचलं.

मामांचा चेहरा उजळला. इतका, की मला वाटलं आता ते पुन्हा निकालाचं विचारतात की काय. पण त्यांनी मला हाताला धरून झेरॉक्सच्या दुकानात नेलं. तिथल्या पोरानं मेसेजचा फोटो घेऊन कागदावर छापून दिला. पाच रुपये घेतले.

"हे कशाला, मामा?"

"अरे, ते नव्या मशीनचं तिकीट वरीसभरात पांढरंफटक पडतंय. वाचाया येत नाही. पुराव्याला काय लावू मी? ह्यो कागद टिकंल."

परतीच्या बसमध्ये ते तो कागद उलटसुलट करून बघत होते. पाव्हणेही वाकून बघत होते. स्टँड मागं पडल्यावर मामांनी तो माझ्यापुढं धरला आणि खालच्या कोऱ्या जागेवर बोट ठेवून विचारलं, "पर ह्याच्यावर शिक्का कुठं हाय रे?"